पेन्सिल, कोळसा, पेन, ब्रश : आपला हात कशात चालतो ते दाखवणारं साहित्य

चित्र काढायला बसणाऱ्या बहुतेकांना आपलं काय कच्चं आहे ते तोंडपाठ असतं. हात जमत नाहीत, शेडिंग काळंकुट्ट होतं, माणसं लाकडी वाटतात. पण आपलं पक्कं काय आहे असं विचारलं की गप्प. याचं कारण साधं आहे. सगळा सराव एकाच पेन्सिलीने, एकाच जातीच्या कागदावर आणि एकाच वेगाने झालेला असतो. केळी आणि सोनं एका काट्यावर तोलत नाहीत, हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको.

म्हणून हे परीक्षण नेहमीसारखं ‘कोणती पेन्सिल चांगली’ असं नाही. ग्राफाइट पेन्सिल, कोळसा, पेन आणि ब्रश-शाई ही चार स्वस्त साधनं घेऊन एकच गोष्ट तपासली आहे : प्रत्येक साधन वापरणाऱ्याला स्वतःच्या हाताबद्दल काय सांगतं, आणि ते सांगणं कितपत भरवशाचं आहे. चार साधनांना प्रत्येकी एक आठवडा, आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला सहा कागद. एकूण १२० कागद आणि रोजचा जेमतेम पाऊण तास.

कागद आधी

पैसे वाचवायचेच असतील तर पेन्सिलीत वाचवा, कागदात नको. कार्ट्रिज पेपर म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद. त्याची फुल इम्पिरियल मापाची शीट २२ × ३० इंचांची असते. तिचे आठ समान तुकडे केले की ७.५ × ११ इंचांचा कागद मिळतो. म्हणजे १५ शीटमध्ये बरोबर १२० कागद होतात. दोन शीट जास्तीच्या घ्या, कारण कोपरे दुमडलेले एक-दोन निघतातच. जाडी १३० ते १५० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) मागा. त्याहून पातळ कागद ब्रशच्या आठवड्यात लाटांसारखा उठतो, आणि फार जाड घेतला तर खर्च वाढतो, सरावाला त्याचा फायदा नाही.

शीट निवडताना तीन गोष्टी पाहा. एक, शीट उजेडाकडे धरा. ढगाळ ठिपके दिसले तर लगदा सारखा बसलेला नाही, तिथे शाई फुटणार. दोन, कोपऱ्यावर खोडरबर दहा वेळा घासा. कागदाचे तंतू उठले तर ती शीट परत ठेवा. तीन, दोन्ही बाजूंवरून बोट फिरवा. एक बाजू किंचित खरखरीत लागते, तिला दाणा आहे असं म्हणतात. कोळशासाठी ही बाजू, पेनसाठी गुळगुळीत बाजू. सुरळी करून ठेवलेल्या शीट घेऊ नका. सपाट ठेवलेल्या मागून घ्या, नाहीतर पंधरा दिवस तो कागद वळतच राहतो. कापायला घरी कात्री चालवण्यापेक्षा बाइंडरकडे न्या. पंधरा शीट तो एका दाबात कापून देतो आणि कडा सरळ येतात.

स्पायरल स्केचबुक चांगलं दिसतं, पण या कामाला आम्ही ते नापास करतो. शेवटी सगळे कागद जमिनीवर शेजारी-शेजारी मांडायचे आहेत, आणि वहीची पानं शेजारी मांडता येत नाहीत. दुसरं म्हणजे महागडी वही खराब होईल या धास्तीने हात आखडतो. सुटे कागद, परीक्षेला नेतात तसलं पॅड आणि एक जास्तीची क्लिप पुरे. प्रत्येक कागदाच्या पाठीवर तारीख, साधन आणि मिनिटं लिहा. हे राहिलं की शेवटच्या दिवशी सगळा गोंधळ होतो.

उन्हाळ्यात हे करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि घरोघरी कूलर चालू असतो. कूलरच्या झोतात ठेवलेला कागद ओल धरतो. त्यावर पेन्सिल लावली की टोन (गडद-फिकी छटा) डागाडागांचा येतो आणि टोकदार शिसं कागद ओरबाडतं. कागदाची चळत झाकून ठेवा आणि काढताना तळहाताखाली एक कोरा तुकडा घ्या, घामाचे ठसे उमटत नाहीत.

काढायचं काय

पाच विषय, पाच दिवस : केळ्यांची फणी, भरताचं वांगं, पितळी तांब्या, दोरीवर किंवा खुर्चीवर टाकलेला गमछा, आणि माणसं. पाचही आपल्या घरात, बाजारात किंवा एसटी स्टँडवर फुकट मिळतात, आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. फणीत प्रमाण आणि केळ्यांमधल्या मोकळ्या जागा, वांग्यात छायाप्रकाश, तांब्यात लंबवर्तुळ आणि दोन्ही बाजूंचा तोल, गमछ्यात घड्यांची दिशा, माणसांत हालचाल. ‘घरात काढण्यासारखं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांनी चाळीसगावला जाऊन के. की. मूस यांच्या घरातलं संग्रहालय बघावं. या कलावंताने (१९१२–१९८९) टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश पाडून छायाचित्रं केली. आयुष्याची अनेक दशकं त्याने त्या एका घरात काम करत काढली.

रोजचे सहा कागद असे : दोन कागद दोन-दोन मिनिटांचे, दोन पाच-पाच मिनिटांचे, एक पंधरा मिनिटांचा, आणि शेवटचा वस्तूकडे पाठ करून, आठवणीतून, पाच मिनिटांचा. माणसं काढायच्या दिवशी आठवणीचा कागद घरी येऊन काढा. मोबाइलवर अलार्म लावा आणि वाजला की थांबाच. ‘एवढी सावली पुरी करतो’ म्हणून दोन मिनिटांचा कागद सहा मिनिटांवर नेला की पुढची सगळी तुलना खोटी ठरते.

एक चूक जवळपास सगळे करतात. सोमवारी फणी, मंगळवारी वांगं असं चारही आठवडे ठेवलं, तर फणी प्रत्येक नव्या साधनाच्या पहिल्या, अडखळत्या दिवशी येते. मग वाटतं की फणी आपल्याला जमत नाही. विषय दर आठवड्याला एक घर पुढे सरकवा : दुसऱ्या आठवड्यात सुरुवात वांग्यापासून, तिसऱ्यात तांब्यापासून, चौथ्यात गमछ्यापासून.

प्रकाश एकाच बाजूचा हवा. सकाळी सात ते नऊ खिडकीजवळ बसलात तर उत्तम. रात्री बसणार असाल तर खोलीतली ट्यूब बंद करून एक बल्ब डावीकडून, वस्तूच्या थोडा वर लावा. डावखुऱ्यांनी उजवीकडून. ट्यूब आणि खिडकी दोन्ही चालू राहिली की वस्तूला दोन सावल्या पडतात, आणि मग चूक हाताची की प्रकाशाची हे कळायला मार्ग राहत नाही.

पहिला आठवडा : पेन्सिल

सहा-आठ ग्रेडची डबी घ्यायची गरज नाही. २बी एक आणि ६बी एक, सुट्या (‘बी’चा आकडा जेवढा मोठा, तेवढी पेन्सिल मऊ आणि काळी). अप्सरा, नटराज, कॅमल, डोम्स यांतलं जे गावात मिळेल ते चालेल, मात्र दोन्ही पेन्सिली एकाच कंपनीच्या घ्या. ग्रेडचं माप सगळ्यांचं एकसारखं नसतं, एकाची ४बी दुसऱ्याच्या २बीएवढीच गडद येऊ शकते. शिसं म्हणतो ते खरं तर ग्राफाइट आणि माती यांचं मिश्रण. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी.

दुकानात पेन्सिलीचं बूड पाहा. शिसं बरोबर मध्यभागी नसेल तर ती घेऊ नका. शार्पनरमध्ये एकीकडे लाकूड राहतं, दुसरीकडे शिसं उघडं पडतं आणि टोक तुटत बसतं. काउंटरवर गडगडत सोडा, डुगडुगली तर वाकडी आहे. ६बी शार्पनरने करूच नका. कटरने साधारण दोन सेंटीमीटर लाकूड उतरवा, पाऊण सेंटीमीटर शिसं मोकळं ठेवा आणि टोक पॉलिश पेपरवर घासा. असं लांब टोक आडवं धरून रुंद टोन देता येतो, शार्पनरच्या आखूड टोकाने ते होत नाही.

पेन्सिलीत दिसतो तो प्रमाणाचा अंदाज आणि टोन हळूहळू चढवण्याची चिकाटी. माप घेताना हात पूर्ण ताठ हवा. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते, माप बदलतं आणि फणीतलं शेवटचं केळं कागदाबाहेर जातं. दोन आणि पाच मिनिटांच्या कागदांवर खोडरबर बंद. पंधरा मिनिटांच्या कागदावर चालेल.

आमचं मत : शाळेपासून हातात असल्यामुळे पेन्सिलीचा आठवडा सगळ्यात नीटनेटका दिसतो, आणि सगळ्यात कमी माहिती देतो. ही सवय आहे, ताकद असेलच असं नाही. शिवाय पेन्सिलीला मर्यादाही आहे. ६बी कितीही दाबली तरी एका हद्दीनंतर काळेपणा वाढत नाही, नुसती चकाकी येते. वांग्याची सावली चकाकायला लागली की थांबा.

दुसरा आठवडा : कोळसा

चारांत सगळ्यात जास्त सांगणारं साधन हेच, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी वापरलं जाणारंही हेच. जळगाव-धुळ्याच्या मोठ्या दुकानांत चारकोल पेन्सिल सॉफ्ट, मीडियम, हार्ड अशी मिळते. विलो झाडाच्या कोळशाच्या काड्या मात्र तालुक्याच्या गावी सहसा मागवाव्या लागतात. पेन्सिलीपेक्षा काडी घ्या. चारकोल पेन्सिल हातात आली की हात पुन्हा पेन्सिलीसारखाच चालायला लागतो, आणि कोळशाचा सगळा फायदा तर आडव्या काडीत आहे.

काड्या मिळाल्या नाहीत तर घरी करता येतात. चिंचेच्या फांदीचा कोळसा रेखाटनाला वापरणं ही आपल्याकडच्या चित्रकारांची जुनी रीत आहे. पेन्सिलीएवढ्या जाड, सरळ फांद्या घ्या, साल सोला, दहा-बारा सेंटीमीटरचे तुकडे करून उन्हात कडक वाळवा. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरा, झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडा आणि डबा अंगणात शेगडीच्या किंवा चुलीच्या निखाऱ्यांत ठेवा. भोकातून धूर येत राहतो. डब्याच्या आकारानुसार पाऊण ते एक तासाने तो थांबला की डबा बाहेर काढा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. गरम असताना उघडला तर आत हवा शिरते, कोळसा पेट घेतो आणि हाती राख येते. काडी मोडून बघा : आत तपकिरी दिसली तर कच्ची आहे, ती कागदावर ओरखडे काढेल. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांचाही कोळसा होतो, पण तिचा गाभा भुसभुशीत असतो, त्यामुळे काडी लवकर तुटते. मोठ्या टोनला चालते, बारीक कामाला नाही.

आता भरताचं वांगं समोर ठेवा. जांभळं नको, आपलं पांढरट हिरवं, हातभर घेराचं. कोळशाची खरी परीक्षा इथे होते. काळं साधन हातात आणि समोर वांगं म्हटल्यावर नवखा हात वांगं गडद करून टाकतो, कारण डोक्यातलं वांगं गडद असतं. समोरचं तसं नाही. खिडकीच्या उजेडात त्याची साल बहुतेक ठिकाणी फिक्या करड्यावरच राहते. सालीपेक्षा गडद आहे ती देठाखालची टोपी, तिची टोकं सालीवर बारीक सावली टाकतात. आणि सगळ्यात काळी जागा वांग्यावर नाहीच. वांगं जिथे टेबलाला टेकतं तिथली ती बोटभर पट्टी.

करायचं असं. काडी आडवी धरून अख्ख्या कागदावर हलका थर द्या, जुन्या सुती कापडाने पुसून सारखा करडा करा. मग पुट्टी रबर (कणकेसारखं मळता येणारं मऊ खोडरबर) चिमटीत टोकदार करून चमक उचला. खिडकीच्या उजेडात ही चमक खिडकीच्याच आकाराची, काहीशी चौकोनी आणि वाकलेली असते, बल्बखाली लहान आणि तीक्ष्ण. त्यानंतर सावलीची बाजू, आणि शेवटी टेकण्याची पट्टी पूर्ण दाबून. खालच्या कडेला टेबलावरून परतलेला उजेड दिसेल. तो सावलीपेक्षा उजळ ठेवा, पण उजेडाच्या बाजूएवढा उजळ कधीच नको. तो जास्त झाला की वांग्याचा गोलपणा जातो आणि ते फुग्यासारखं पोकळ दिसतं. बाह्यरेषा काढूच नका. वांग्याची कड काही ठिकाणी मागच्या भिंतीत विरघळते, ती तशीच विरघळू द्या. ज्यांना कड अशी विरघळलेली सोडता येते, बाह्यरेषा मारायची घाई होत नाही, त्यांचा डोळा छायाप्रकाशाचा आहे. पुढे व्यक्तिचित्रणात आणि रंगकामात हे भांडवल कामी येतं.

कोळशात बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. बोटाने घासणं : बोटाचं तेल कागदात शिरतं आणि तो डाग पुढे उचलला जात नाही. कापड किंवा कागदाची घट्ट सुरळी वापरा. दुसरं, कागद एकमेकांवर ठेवणं. मध्ये बटर पेपर घाला. चित्र ठेवायचंच असेल तर फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) लांबून, दोन पातळ हातांत मारा. केसांचा स्प्रे मारण्याचा सल्ला सर्रास मिळतो, त्याने कागद पुढे पिवळा पडतो. पुट्टी रबर मे महिन्यात पाघळून चिकट होतं, झाकणाच्या डबीत, सावलीत ठेवा. ते काळं पडलं की ताणून, आतून उलटवून मळा, फेकू नका.

तिसरा आठवडा : पेन

०.५ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ फाइनलायनर (बारीक, कडक टोकाचा पेन) एक आणि साधा काळा बॉलपेन एक. दोघांचा स्वभाव उलटा आहे. फाइनलायनरची रेघ दाबली तरी तेवढीच जाड येते. बॉलपेन हलक्या हाताला फिकी, दाबला तर गडद रेघ देतो, म्हणून टोन बॉलपेनने जमतो. जेल पेन टाळा, हात लागून शाई फासते. वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. एक रेघ काढून दहा मिनिटांनी ओला ब्रश फिरवा, पसरली तर ती शाई वॉटरप्रूफ नाही. बॉलपेनच्या टोकाला शाईचा गोळा जमतो आणि भलत्या जागी सांडतो. शेजारी चिंधी ठेवा, दर दोन-तीन मिनिटांनी टोक पुसा.

पेनमध्ये खोडणं नाही, त्यामुळे रेषा काढण्याआधी ठरवावी लागते. नवखी रेषा केसाळ असते : एकाच कडेवर दहा तुटक रेघा. उपाय साधा आहे. टोक कागदाला टेकवण्याआधी केळ्याची वाकण हवेत दोनदा फिरवून पाहा, मग मनगट स्थिर ठेवून खांद्यातून एका दमात काढा. चुकली तर तिच्या शेजारी बरोबर रेघ काढा, चुकलेली झाकू नका. फणीत आधी केळी काढण्याऐवजी केळ्यांमधल्या फटी काढून पाहा, त्या त्रिकोणी-चंद्रकोरी जागा बरोबर आल्या की केळी आपोआप बसतात.

या आठवड्यातले दोन मिनिटांचे कागद पंधरा मिनिटांच्या कागदापेक्षा जिवंत दिसत असतील तर ती रेषेची ताकद आहे. पुस्तकातली चित्रं, व्यंगचित्र, अक्षरलेखन ही वाट तिच्याच पुढची. चारही साधनांत पेन सगळ्यात प्रामाणिक, आणि एका पेनच्या किमतीत एवढं सांगणारं दुसरं काही नाही.

चौथा आठवडा : ब्रश आणि शाई

६ किंवा ८ नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश, काळी ड्रॉइंग इंक, आणि तीन वाट्या. पहिलीत नुसती शाई, दुसरीत शाईच्या चौपट पाणी, तिसरीत दहापट. नवा ब्रश टोकाला डिंक लावून कडक केलेला असतो. कोमट पाण्यात बोटांनी हलकेच सोडवा, दाबून मोडू नका. धुतल्यावर झटकला की केस एका टोकात यायला हवेत. दोन टोकं झाली तर तो ब्रश बदलून घ्या. शाई ब्रशमध्ये वाळू दिली तर तो ब्रश गेलाच समजा, म्हणून दर कागदानंतर धुवा आणि वाळताना आडवा ठेवा. उभा ठेवला तर पाणी केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या टोपणात उतरतं आणि केस सुटतात.

ब्रशने आकार एकदम मांडावा लागतो. आधी तिसऱ्या वाटीने मोठे उजळ भाग, मग दुसरी, शेवटी नुसती शाई. उन्हाळ्यात थर बघता-बघता वाळतो आणि मध्येच कडक कड पडते. पंखा बंद करा, एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्या. पावसाळ्यात उलट : दुसरा थर लावायची घाई केली की पहिला उखडतो. कागद पाठीवरून शिवून बघा, गार लागला तर अजून ओला आहे.

हा आठवडा बहुतेकांचा फसतो. सोडू नका. फसलेल्या कागदांतही एक गोष्ट तपासण्यासारखी उरते : कागदाच्या चौकटीत काळे आणि कोरे भाग कसे बसलेत. कागद उलटा धरा, म्हणजे वस्तू ओळखू येत नाही आणि नुसती मांडणी दिसते. ती नेमकी वाटत असेल तर रचना हे तुमचं अंग आहे, संकल्पचित्र (नक्षी, डिझाइन) आणि छपाईचं काम तुम्हाला रुचेल.

जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथे जायचंच असेल तर ब्रशच्या आठवड्यानंतर जा, आधी नको. स्वतः एक वाकण ब्रशने एका दमात ओढण्याची धडपड केल्यावर, पहिल्या लेण्यातल्या भित्तिचित्रातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या भुवईची आणि खांद्याची रेषा डोळ्यांना वेगळीच दिसते. लेणी सोमवारी बंद असतात, आत फ्लॅश चालत नाही, आणि डोळे अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटं द्यावी लागतात.

कागद वाचायचे कसे

सगळे कागद एकदम मांडले तर आठ बाय नऊ फुटांच्या खोलीची जमीन भरते. गच्ची किंवा अंगण बघा, सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. साधनांच्या चार आडव्या ओळी आणि विषयांचे पाच उभे रकाने करा. प्रत्येक चौकोनात सहा कागद येतील. आधी ठरवा की फक्त बारा निवडायचे. ‘हुबेहूब’ आलेले उचलू नका. लांबूनही नजर ज्यावर थांबते ते उचला. मग पाठी वाचा.

निवडलेले बहुतेक एका ओळीतले निघाले तर ताकद त्या साधनाची आहे. एका रकान्यातले निघाले, म्हणजे माणसांचे कागद पेन्सिलीतही, कोळशातही आणि ब्रशमध्येही उभे राहिले, तर तो विषयाचा ओढा आहे, आणि आमच्या मते तो साधनापेक्षा जास्त टिकतो. दोन मिनिटांचे जास्त निघाले तर हात मोठा आकार लवकर पकडतो आणि नंतर बारकावे भरून तो झाकतो. अशांनी पंधरा मिनिटांचं काम सातव्या मिनिटाला थांबवून बघावं. उलट, फक्त पंधरा मिनिटांचेच निघाले तर चिकाटी आणि बारीक निरीक्षण हेच भांडवल आहे, त्यांनी झटपट स्केचिंगच्या नादी लागून स्वतःला कमी लेखू नये. आठवणीचे कागद निघाले तर ती दुर्मीळ गोष्ट समजा : वस्तू कशी बनलीय हे डोक्यात बसतं, नुसतं दिसत नाही. गोष्टींची चित्रं काढणाऱ्याला हीच लागते.

निवड एकट्याने करू नका. दुसऱ्या एकाला, शक्यतो चित्र न काढणाऱ्याला, त्याचे बारा निवडायला सांगा. दोन्ही निवडींत आलेले कागद बाजूला काढा. तेवढे पाच-सहा कागद जे सांगतात ते बाकीच्यांपेक्षा भरवशाचं.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. कला संचालनालयाच्या या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे वेगळे पेपर असतातच, म्हणजे विभागणी तयार आहे. पण तयारी करताना सगळा भर पुऱ्या झालेल्या, रंगवलेल्या कागदावर जातो. परीक्षेच्या ऐन तोंडावर हा महिना धरू नका. निकालानंतरच्या मोकळ्या दिवसांत धरा. दहा वर्षांखालच्या मुलांना तर हे नकोच, त्यांना घड्याळ लावून चित्र काढायला लावणं चुकीचं आहे.

काय घ्यावं, काय नाही

सगळं मिळून पाचशे रुपयांच्या आसपास बसवा. त्यात निम्मा खर्च कागदाचा होऊ द्या. एकच साधन परवडत असेल तर कोळसा घ्या. दोन असतील तर कोळसा आणि बॉलपेन. बारा ग्रेडच्या डब्या, ब्लेंडिंगच्या सुरळ्यांचे संच, रंगीत पेन्सिलींचे मोठे खोके या महिन्यात विकत घेऊ नका, दुकानदार जूनमध्ये कितीही आग्रह करो. बारा कागद निवडून झाल्यावर जी ओळ पुढे आली तिच्यातच पुढचे पैसे घाला : कोळशाची आली तर दाणेदार कागद आणि विलोच्या काड्या मागवा, पेनची आली तर ०.१ आणि ०.८ चे आणखी दोन पेन, ब्रशची आली तर १० किंवा १२ नंबरचा एक चांगला ब्रश, आणि पेन्सिलीची आली तर आणखी पंधरा शीट कार्ट्रिज, यावेळी आठऐवजी चार तुकडे करून, म्हणजे ११ × १५ इंचांचे.